बहिरेपणाची वेळेवर पारख

अंध मनुष्याच्या हातीं काठी असते, पांगळ्याच्या काखेंत कुबडी असते. ती पाहून रस्त्यानें जाणारा अनोळखी मनुष्यही बाजूस होतो. बहिऱ्या मनुष्याजवळ अशी कोणतीच खूण नसते. हांक मारल्यावर त्यानें वळून पाहिलें नाहीं, म्हणजे तो गर्विष्ठ ठरतो. भलतेंच ऐकून भलतेंच उत्तर दिलें, म्हणजे हंशाचा विषय होतो. मराठी प्रहसनांत अंधाला कोणी हंसत नाहीं. पण बहिरा म्हातारा रंगभूमीवर आला कीं हंशा ठरलेलाच. हें व्यंग डोळ्यांना दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याची दखल उशिरां घेतली जाते. बहिरेपणाच्या बाबतींत हा उशीर हेंच सर्वांत मोठें नुकसान होय.

तान्ह्या मुलाचा बहिरेपणा तर आईलाही कळत नाहीं. तें इतर मुलांसारखेंच रडतें, हंसतें, तिच्या तोंडाकडे टक लावून पाहतें. पहिले कांहीं महिने हुंकारही देतें. दार वाजलें कीं तें दचकतें, पण तें आवाजानें कीं जमिनीच्या कंपानें, हें कोण ओळखणार? दीड-दोन वर्षें उलटूनही शब्द फुटत नाहीं, तेव्हां घरांत कुजबूज सुरू होते. मग कोणी वडीलधारें माणूस धीर देतें कीं, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, हाही बोलेल. धीर प्रेमानेंच दिलेला असतो. पण त्या धीरापायीं आणखी एक वर्ष निघून जातें.

या प्रश्नाच्या सर्व बाजू एकाच ठिकाणीं पाहावयाच्या असतील, तर पुण्याच्या पश्चिमेचा मुळशी तालुका पाहावा. महाराष्ट्राला मुळशीचें नांव ठाऊक आहे तें १९२१ सालीं सुरू झालेल्या सत्याग्रहामुळें आणि टाटांच्या धरणामुळें. आज या तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत, मधोमध पिरंगुटचे कारखाने आहेत, आणि पौडच्या पुढें ताम्हिणी घाटाकडे जावें तों धुवांधार पावसाचा, भातखाचरांचा आणि विखुरलेल्या वाड्यांचा मुलूख लागतो. कारखान्याच्या गोंगाटांत राबणारा कामगार, उतारवयांत कान मंदावलेली आजी, पावसाळ्यांत कान वाहणारें शाळकरी मूल आणि जन्मतःच बहिरें असलेलें तान्हें बाळ, अशा चौघांचेही प्रश्न येथें थोड्याशा अंतरांत भेटतात. चौघांचा बहिरेपणा निराळा, कारणें निराळीं आणि उपायही निराळे. म्हणूनच पारख आधीं आणि उपाय मागून, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे.

कानाची रचना थोडक्यांत अशी : बाहेरून आलेल्या ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्याच्या आंत हातोडी, ऐरण आणि रिकीब यांच्या आकाराचीं तीन इवलीं हाडें आहेत. तीं पडद्याचें कंपन आंतल्या शंखाकृति भागाकडे पोंचवितात. या शंखांत द्रव भरलेला असून सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केसयुक्त पेशी एका पडदीवर ओळीनें बसलेल्या असतात. शंखाच्या तोंडाशीं उंच पट्टीचे सूर आणि टोकाशीं खालच्या पट्टीचे सूर उमटतात. हें कार्य उलगडून दाखविल्याबद्दल हंगेरींत जन्मलेले शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या पेशींतून निघालेला संदेश मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूंत जातो, आणि ऐकण्याचें खरें काम तेथें होतें.

बिघाड पडद्यांत किंवा हाडांत असेल, तर आवाज आंत पोंचत नाहीं. मळाचा खडा, फाटलेला पडदा, सर्दींतून मधल्या कानांत शिरलेला जंतुदोष आणि त्यामुळें वाहणारा कान हीं याचीं नेहमींचीं कारणें. हा बहिरेपणा पुष्कळदां औषधानें किंवा शस्त्रक्रियेनें बरा होतो. पण कान वाहूं लागला कीं कोमट तेल ओतण्याची जुनी संवय घराघरांतून आहे. फाटलेल्या पडद्यांतून तें तेल आंत जातें आणि दुखणें वाढवितें. वाहता कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांस दाखवावा, एवढेंच घरचें काम. बिघाड शंखांतील पेशींत किंवा मज्जातंतूंत असेल, तर गोष्ट वेगळी. मनुष्याच्या कानांतील त्या पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. तेथें औषध चालत नाहीं. तेथें यंत्र आणि शिक्षण चालतें.

बिघाड कोठें आहे व किती आहे, हें अंदाजानें सांगतां येत नाहीं. तें मोजावें लागतें. ध्वनीच्या पातळीचें माप डेसिबेल या नांवानें ओळखलें जातें. त्यांतील 'बेल' म्हणजे टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यांची आई बहिरी होती, पत्नी बहिरी होती, आणि ते स्वतः बहिऱ्यांचे शिक्षक होते. साधें संभाषण सुमारें साठ डेसिबेलचें असतें, कुजबूज तिसाच्या आसपास. श्रवणमापक यंत्रावर खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे निरनिराळे सूर एकेका कानांत ऐकवितात, आणि कोणता सूर किती हळू असतांही ऐकूं येतो त्याचा आलेख काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या वर्गवारीप्रमाणें वीस डेसिबेलच्या आंतील सूर ऐकूं येणें म्हणजे निकोप कान. पस्तिसाच्या पुढें मध्यम, पासष्टाच्या पुढें तीव्र आणि ऐंशीच्या पुढें अतितीव्र बहिरेपणा समजावा. भारतांतील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें मात्र दोन्ही कानांत साठ डेसिबेलची हानि असल्यावांचून ऐकण्यांतील अपंगत्व धरलें जात नाहीं. ज्या मुलाची हानि पंचेचाळीस डेसिबेल आहे, त्याला दाखला मिळत नाहीं. वर्गांतील मागच्या बाकावर गुरुजींचें अर्धें बोलणें मात्र त्याच्या कानांवरून जातें. असें मूल 'ढ' म्हणून शाळेंतून गळतें, आणि तें का गळलें हें कोणाला उमगत नाहीं.

मोजमापाची दुसरी बाजू भाषेची आहे. 'ऐकूं येतें, पण समजत नाहीं' ही वृद्धांची तक्रार घरच्यांना चमत्कारिक वाटते. वस्तुतः ती अगदीं शास्त्रशुद्ध आहे. वयोमानानें आधीं उंच पट्टीचें ऐकणें जातें. स्वरांचा जोर खालच्या पट्टींत असतो. स, श, त, क, प या व्यंजनांची ओळख मुख्यतः वरच्या पट्टींत असते. ताप, ताट, ताक आणि तास या चार शब्दांतील 'ता' आजीला स्पष्ट ऐकूं येतो. शेवटचें अक्षर हरवतें. मग सुनेनें ताक मागावें आणि सासूनें ताट पुढें करावें, असें घडतें. ओरडून बोलल्यानें 'ता' आणखी मोठा होतो, हरवलेलें अक्षर परत येत नाहीं. यासाठींच नुसत्या सुरांनीं चांचणी पुरी होत नाहीं. रुग्णाच्या मातृभाषेंतील शब्द ऐकवूनही ती करावी लागते. ल आणि ळ, न आणि ण यांतील भेद मराठी माणसाच्या कानाला कळतो कीं नाहीं, हें इंग्रजी शब्दांच्या यादीवरून कसें समजणार?

जें मूल बोलतच नाहीं, सूर ऐकला म्हणून बोटही उचलीत नाहीं, त्याचें ऐकणें मोजावें कसें, हा प्रश्न दीर्घकाळ सुटला नव्हता. १९७८ सालीं लंडनमधील डेव्हिड केंप यांनीं दाखवून दिलें कीं, निरोगी कान नुसता ऐकत नाहीं, तर उत्तरही देतो : आवाज आंत गेला कीं शंखांतील पेशी अतिशय क्षीण असा प्रतिध्वनि बाहेर पाठवितात. झोंपलेल्या बाळाच्या कानांत छोटी नळी ठेवून हा प्रतिध्वनि टिपतां येतो. बाळाला कांहींही दुखत नाहीं, आणि काम कांहीं मिनिटांत होतें. प्रतिध्वनि न मिळाल्यास दुसरी चांचणी करतात. तींत डोक्याच्या त्वचेवर तारा चिकटवून, आवाजाचा संदेश मज्जातंतूंतून मेंदूच्या देठापर्यंत पोंचतो कीं नाहीं तें पाहतात. डॉक्टर मंडळी तिला 'बेरा' म्हणतात. क्वचित् शंख निकोप असून मज्जातंतूंतच दोष असतो. तो पहिल्या चांचणींत सांपडत नाहीं. म्हणून अपुऱ्या दिवसांचीं, तीव्र काविळीनें आजारी झालेलीं किंवा जन्मतः अतिदक्षता विभागांत ठेवावी लागलेलीं बाळें थेट 'बेरा'साठींच न्यावींत.

इतकी घाई कशासाठीं, अशी शंका कोणास येईल. तिचें उत्तर मेंदूंत आहे. मूल गर्भांत असतांनाच, शेवटच्या तीन महिन्यांत, ऐकूं लागतें. जन्मानंतरचीं पहिलीं दोन-तीन वर्षें मेंदू भाषेची पेरणी घेण्यास तयार असतो. मृगांत टाकलेलें भाताचें बीं आणि भाद्रपदांत टाकलेलें बीं यांत फरक काय, हें मुळशीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. बीं तेंच, जमीन तीच, पण वाफसा निघून गेलेला. अमेरिकेंतील कोलोरॅडो येथें क्रिस्टीन योशिनागा-इतानो व त्यांचे सहकारी यांनीं दीडशें बहिऱ्या मुलांचा अभ्यास करून तो १९९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ७२ मुलांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आंत ओळखला गेला होता, ७८ मुलांचा त्यानंतर. बुद्धि सामान्य असलेल्या मुलांत, लवकर ओळखलेल्यांची भाषा स्पष्टपणें सरस ठरली. बहिरेपणा कमी असो वा अधिक, फरक कायम राहिला. यावरूनच पहिल्या महिन्यांत चांचणी, तिसऱ्याच्या आंत निदान आणि सहाव्याच्या आंत उपाय, असा दंडक जगभर मान्य झाला.

येथें एका शब्दाचाही विचार व्हावा. जन्मतः बहिऱ्या मुलास सर्रास 'मुका' म्हणतात. पण त्याचा कंठ, जीभ, ओंठ हे सर्व शाबूत असतात. त्यानें भाषा ऐकलेली नाहीं, म्हणून तें ती बोलत नाहीं. मुकेपणा हें दुसरें व्यंग नसून पहिल्या व्यंगाकडे झालेल्या दुर्लक्षाचें फळ आहे, आणि तें टाळतां येतें.

कांहीं बहिरेपणा तर जन्मापूर्वींच टाळतां येतो. गर्भारपणीं आईला रुबेला हा गोवराच्या जातीचा आजार झाल्यास मूल बहिरें जन्मूं शकतें. त्यावरील लसीची मोठी मोहीम महाराष्ट्रांत नोव्हेंबर २०१८ मध्यें सुरू झाली. जवळच्या नात्यांत लग्नें होत गेल्यास बहिरेपणाचा गुणसूत्रांतील दोष दोन्हीकडून एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे; ज्या घरांत आधींच बहिरीं मुलें आहेत, तेथें सोयरीक जुळवितांना या गोष्टीचा विचार अवश्य व्हावा.

उपायांत पहिलें श्रवणयंत्र. तें आवाज वाढवून कानांत सोडतें. त्याच्यासाठीं कानाचा सांचा घ्यावा लागतो, आणि मूल वाढतें तसा कानही वाढत असल्यामुळें तो कांहीं महिन्यांनीं बदलावा लागतो. सैल झाला कीं यंत्र शीळ घालूं लागतें आणि मूल तें काढून फेंकतें. पावसाळी हवेंत ओल यंत्राची वैरीण असते. रात्रीं तें ओल शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डबींत ठेवावें लागतें. ताम्हिणीकडील वाडींतून सांच्यासाठीं आणि विद्युत्घटासाठीं वारंवार पुण्यास जाणें म्हणजे दर वेळीं एका दिवसाची मजुरी बुडणें होय. यंत्र कोनाड्यांत पडून राहतें तें पुष्कळदां आळसानें नव्हे, या खर्चानें.

यंत्रानेंही ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांच्यासाठीं कॉक्लिअर इम्प्लांट आहे. मेलेल्या पेशींना वगळून शंखांत बारीक विद्युत्तंतूंची माळ बसवितात आणि ती थेट मज्जातंतूस संदेश देते. १९५७ सालीं पॅरिसमध्यें जुर्नो आणि एरिएस यांनीं याचा पहिला प्रयत्न केला. १९७८ सालीं मेलबोर्नमध्यें ग्रॅएम क्लार्क यांनीं अनेक विद्युत्तंतूंचें यंत्र बसविलें. भारतांत केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेखालीं पात्र बालकांस हें साहाय्य मिळतें, आणि त्याची मध्यवर्ती व्यवस्था मुंबईंत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. ही संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. येथेंही वयाची अट आहे, कारण शस्त्रक्रिया उशिरां झाली तर मेंदूला त्या संदेशाचा अर्थ लावणें जड जातें.

परंतु यंत्र बसलें म्हणजे मूल बोलूं लागलें, हा समज चुकीचा आहे. यंत्र आवाज देतें. भाषा घर देतें. वाक्-श्रवणतज्ज्ञ आठवड्यांतून तासभर भेटतो, बाकीचे सर्व तास आईचे, आजीचे, भावंडांचे असतात. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावें, तोंडावर उजेड असावा, दूरदर्शनचा गलका बंद असावा, ओरडण्याऐवजीं जवळ यावें. पाणी देतांना 'पाणी', भाकरी थापतांना 'भाकरी', गाय हंबरली कीं 'ऐक, गाय ओरडली', असें दिवसभर बोलत राहावें. भाताच्या लावणीच्या दिवसांत आई खाचरांत आणि मूल आजीपाशीं असतें. म्हणून हें शिक्षण आईबरोबर आजीलाही दिलें पाहिजे, आणि तें त्यांच्याच बोलींत दिलें पाहिजे.

ज्या मुलाची पारख उशिरां झाली, किंवा ज्याला यंत्राचा उपयोग झाला नाहीं, त्याच्यासाठीं खुणांची भाषा आहे. तिच्याविषयीं फार काळ अन्याय झाला. १८८० सालीं इटलींत मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें शाळांतून खुणा हद्दपार कराव्या असें ठरविलें. मुंबईंतील माझगांवची बहिऱ्यांची शाळा १८८५ सालची, म्हणजे त्याच वाऱ्याच्या दिवसांतील. २०१० सालीं व्हँकूव्हर येथील परिषदेनें तो ठराव फिरविला. भारतांत २०१५ सालीं भारतीय सांकेतिक भाषेची स्वतंत्र संस्था दिल्लींत निघाली आणि २०१८ सालीं तिचा शब्दकोश प्रसिद्ध झाला. मुखानें असो वा हातानें, मुलाला लहानपणींच एक पूर्ण भाषा मिळाली पाहिजे; भाषेवांचून गेलेलें बालपण मागाहून भरून निघत नाहीं.

प्रौढांची गोष्ट तितकीच गंभीर आहे. पंचाऐंशी डेसिबेलच्या गोंगाटांत आठ तासांहून अधिक काम करणें धोक्याचें. दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते, असें मानण्याचा शास्त्रीय प्रघात आहे. पत्रे ठोकणाऱ्या यंत्रापाशीं उभा राहणारा कामगार प्रथम चार हजार कंपनांच्या आसपासचें ऐकणें गमावतो आणि त्याला तें कळतही नाहीं. कानांतील बोळे हे हेल्मेटइतकेच आवश्यक आहेत, आणि वार्षिक चांचणीही. लग्नाच्या वरातींतील भिंतीएवढे कर्णे तर कामगाराचे आणि पाहुण्यांचे कान सारख्याच निष्ठुरपणें जाळतात. वृद्धांच्या बाबतींत बहिरेपणा एकटेपणा आणतो. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर उपाय करतां येतो त्यांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानें ऐकण्याची हानि गणली आहे.

जगांत त्रेचाळीस कोटींहून अधिक माणसांना या पुनर्वसनाची गरज आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेचें २०२१ सालचें प्रतिवृत्त सांगतें. भारताच्या २०११ च्या शिरगणतींत सुमारें पन्नास लाख लोकांची नोंद ऐकण्यांत अपंगत्व असलेले म्हणून झाली. आंकडा मोठा असला तरी काम एकेका घरांतच करावयाचें आहे, आणि त्यासाठीं लागणारीं माणसें मुळशींत आजही आहेत. आशा सेविका बाळंतिणीच्या घरीं पहिल्या बेचाळीस दिवसांत अनेकदां जाते. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें वर्षांतून दोनदां अंगणवाडी तपासतात. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. पुण्यांत ससून रुग्णालय आहे आणि धनकवडीस भारती विद्यापीठाचें वाक्-श्रवण विद्यालय आहे. सांखळीच्या कड्या आहेत, पण दोन कड्यांमधलें अंतर मुलाचीं वर्षें खातें. पथक येतें त्या दिवशीं कातकरी वस्तींतील कुटुंब वीटभट्टीवर गेलेलें असतें. पुण्याची चिठ्ठी मिळते, पण भाताची कापणी आड येते.

रेडिओवरील हें भाषण ज्यांच्याविषयीं आहे, त्यांतील पुष्कळांच्या कानीं तें पडणार नाहीं. म्हणून तें ऐकणाऱ्यांवर जबाबदारी अधिक आहे. ज्या घरांत नवें बाळ आहे, तेथें टाळी वाजवून पाहण्यावर विसंबूं नये. पहिल्या महिन्यांतच चांचणीविषयीं आशाताईंना विचारावें. ज्या वर्गांत एखादें मूल वारंवार 'काय?' म्हणतें, तेथें गुरुजींनीं छडीऐवजीं रुग्णालयाची चिठ्ठी हातीं घ्यावी. ग्रामपंचायतीनें महिन्यांतून एक दिवस वाडीवरून पुण्यास जाणाऱ्या बहिऱ्या मुलांसाठीं वाहन दिलें, तर सांच्याची आणि विद्युत्घटाची अडचण बरीचशी सरेल. यांतील कोणत्याही गोष्टीस नवा शोध लागावयास नको. शोध लागून पुष्कळ वर्षें झालीं आहेत. आतां ते शोध ताम्हिणीच्या पायथ्याशीं जन्मलेल्या मुलापर्यंत सहा महिन्यांच्या आंत पोंचावे, एवढेंच उरलें आहे.